वीज स्वस्त, वाट महाग

१२ ऑक्टोबर २०२० हा दिवस मुंबईकरांच्या स्मरणात आहे. सोमवारची सकाळ, दहाचा सुमार. कळवा, पडघे आणि खारघर या परिसरातील ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांपैकी एक आधीच दुरुस्तीसाठी बंद होती. उरलेल्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि मुंबईची वीज गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, करोनाच्या साथीने आधीच टेकीला आलेल्या रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. त्या दिवशी राज्यात वीज कमी नव्हती. शहरापर्यंत येण्याची वाट तेवढी उरली नव्हती.

वीज असणे आणि वीज पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढे मान्य केले की मुंबईच्या वीजव्यवहारातील एका जुन्या कोड्याचाही उलगडा होऊ लागतो. विदर्भात कोळशाच्या खाणींशेजारी तयार होणारी वीज तुलनेने स्वस्त पडते. मग समुद्रकिनारी, आयात इंधनावर चालणारा ट्रॉम्बेचा संच का पेटता ठेवायचा? स्वस्त मिळत असताना महाग का घ्यायचे? यामागे व्यवहारातील ढिलाई किंवा कोणाचे तरी हितसंबंध असावेत, असा तर्क लगेच लढवला जातो. तसे काही कधी नसतेच, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु या प्रश्नाचे मुख्य उत्तर गणितात आहे आणि ते गणित देशाच्या भार प्रेषण केंद्रांमध्ये दर पंधरा मिनिटांनी नव्याने मांडले जाते.

आधी सोपा भाग पाहू. ग्रीडमध्ये वीज साठवून ठेवण्याची सोय अगदी थोडी असते. ज्या क्षणी जेवढी मागणी, त्या क्षणी तेवढेच उत्पादन, असा हा रोखीचा व्यवहार आहे. उत्पादन कमी पडले की जनित्रांची गती मंदावते आणि ५० हर्ट्झची वारंवारिता घसरते. उत्पादन वाढले की ती चढते. आपल्याकडे ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या अरुंद पट्ट्यात राखायची असते. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवले गेले, तेव्हा काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉट मागणी नाहीशी झाली आणि लगोलग परतली. जलविद्युत केंद्रांचे उत्पादन झपाट्याने खाली आणून पुन्हा वर नेल्यामुळे ग्रीड सावरले.

हा तोल राखताना कोणते केंद्र किती चालवायचे? त्यासाठी ‘मेरिट ऑर्डर’ असते. इंधनाचा प्रतियुनिट खर्च सर्वांत कमी असलेले केंद्र यादीत सर्वांत वर. मागणी वाढेल तसे यादीत खाली उतरायचे, घटेल तसे वर चढायचे. महाराष्ट्रात ऐरोली येथील राज्य भार प्रेषण केंद्र हे काम पाहते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागासाठी प्रत्येक केंद्राला किती उत्पादन करायचे याचा आकडा दिला जातो. सारे काही एवढेच असते, तर हे काम किराणा दुकानातील वहीवर भागले असते.

अडचण अशी, की वीज हुकूम मानत नाही. कोळशाची मालगाडी कोणत्या मार्गाने न्यायची हे रेल्वे ठरवते. वीज कोणत्या तारेतून जाईल हे कोणी ठरवू शकत नाही. जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव किर्खोफ यांनी १८४५ साली मांडलेल्या नियमांनुसार ती उपलब्ध असलेल्या सर्व वाटांमध्ये, प्रत्येक वाटेच्या अडथळ्याच्या व्यस्त प्रमाणात, स्वतःच विभागली जाते. एखाद्या राज्याने दुसऱ्या राज्याशी शंभर मेगावॉटचा करार केला तरी ती वीज करारातील वाहिनीनेच येईल असे नाही. तिचा काही भाग तिसऱ्याच राज्याच्या तारा तापवून येईल. तार किती वीज वाहील यालाही मर्यादा आहे. प्रमाणाबाहेर भार आला की ती तापते, प्रसरण पावते आणि झोळासारखी खाली लोंबू लागते. झाडाला टेकली की वाहिनी बंद.

याचा परिणाम किती विलक्षण असू शकतो, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. वाचकांनी कागद-पेन्सिल घेतली तर उत्तम.

तीन ठिकाणे घ्या : क, ख आणि ग. तिन्ही एकमेकांना सारख्याच वाहिन्यांनी जोडलेली, म्हणजे एक त्रिकोण. क येथे तीन रुपये युनिटने वीज तयार होते, ख येथे सहा रुपयांनी. ग हे शहर, त्याची मागणी ३०० मेगावॉट. स्वस्त म्हणून सारी वीज क कडूनच घेऊ. क ते ग या थेट वाटेच्या तुलनेत ख वरून जाणारी वाट दुप्पट लांब, म्हणून दोनतृतीयांश म्हणजे २०० मेगावॉट थेट जातील आणि १०० मेगावॉट ख वरून वळसा घेतील. खर्च, तासाला नऊ लाख रुपये.

आता समजा, थेट वाहिनीची क्षमता १६० मेगावॉटच आहे. चाळीस मेगावॉट जास्त झाले. तेवढेच क कडून कमी करून ख कडून घेतले की काम भागेल, असे कोणालाही वाटेल. पण भागत नाही. कारण ख येथे तयार होणारी वीजही दोन वाटांनी शहरात जाते आणि तिचा एकतृतीयांश भाग क ला वळसा घालून त्याच अडलेल्या वाहिनीवर येतो. क कडून एक मेगावॉट काढून ख ला दिला, तर त्या वाहिनीवरील भार फक्त एकतृतीयांश मेगावॉटने हलका होतो. चाळीसचा भार उतरवायला १२० मेगावॉट हलवावे लागतात. म्हणजे क कडून १८० आणि ख कडून १२०. खर्च तासाला १२ लाख ६० हजार रुपये. एका वाहिनीतील चाळीस मेगावॉटच्या तुटीची किंमत तासाला ३ लाख ६० हजार!

खरी गंमत पुढेच आहे. शहराने आणखी एक मेगावॉट मागितला तर? महागड्या ख कडून एक जादा घेतला तर अडलेल्या वाहिनीवर पुन्हा भार वाढतो. तो न वाढवता मागणी भागवायची तर ख कडून दोन मेगावॉट वाढवावे आणि क कडून एक कमी करावा, एवढाच मार्ग उरतो. म्हणजे ख येथे बारा रुपयांचा खर्च वाढला, क येथे तीन रुपये वाचले. शहराला तो वाढीव युनिट नऊ रुपयांना पडला. तीन आणि सहा रुपयांनी वीज बनवणारी दोनच केंद्रे असताना शहरातील किंमत नऊ रुपये! यात कोणाची नफेखोरी नाही, साठेबाजी नाही. तिसरा रुपयाही कोणाच्या खिशात न जाता हा भाव निघतो. तो वाटेच्या टंचाईचा भाव आहे. वाहिनीची क्षमता एका मेगावॉटने वाढवली तर तासाला किती पैसे वाचतील, हेही याच गणितातून कळते. आपल्या उदाहरणात ते नऊ हजार रुपये येतात. गणितज्ञ याला ‘छाया किंमत’ म्हणतात. नवी वाहिनी कोठे टाकायची हे ठरवताना या आकड्याइतका प्रामाणिक सल्लागार दुसरा मिळणे कठीण.

हा केवळ कागदावरचा खेळ नाही. अमेरिकेच्या पूर्व भागातील पीजेएम या ग्रीडमध्ये १९९८पासून आणि टेक्सासमध्ये डिसेंबर २०१०पासून प्रत्येक ठिकाणचा असा वेगळा भाव प्रत्यक्ष आकारला जातो. आपल्याकडे ठिकाणागणिक भाव नाहीत; वीज बाजारात देशाचे मोठे विभाग पाडलेले आहेत आणि वाट अडली तरच विभागांचे भाव वेगळे होतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रीड उर्वरित देशाशी एकाच वारंवारितेने जोडले गेले. ‘एक देश, एक ग्रीड’ हे स्वप्न सोलापूरच्या माळावर पूर्ण झाले खरे. परंतु देशाच्या इतर भागांत वीज पडून असतानाही दक्षिणेतील राज्ये पुढील काही वर्षे बाजारात चढा भाव मोजत राहिली. जोड झाली होती, पुरेशी रुंद वाट व्हायची होती.

याच प्रश्नाची दुसरी बाजू सुरक्षिततेची. वर आपण वाहिनीच्या क्षमतेचा विचार केला, पण एखादी वाहिनी अचानक बंद पडली तर? तिच्यावरचा भार त्याच क्षणी शेजारच्या वाहिन्यांवर जाऊन पडतो. म्हणून ग्रीड चालवणाऱ्यांचा जगभर एक दंडक आहे : कोणताही एक घटक, मग ती वाहिनी असो, रोहित्र असो वा जनित्र, कोणत्याही क्षणी निकामी झाला तरी उरलेल्यांनी भार पेलला पाहिजे. हा दंडक पाळायचा तर वाहिन्या पूर्ण क्षमतेने वापरता येत नाहीत. स्वस्त वीज आणण्याची सोय दिसत असूनही ती मुद्दाम वापरायची नाही, असा हा संयम आहे.

तो सुटला की काय होते, ते देशाने जुलै २०१२मध्ये पाहिले. पश्चिमेकडे पावसामुळे मागणी उतरली होती, तर उत्तरेत उकाड्याने वाढली होती. पश्चिमेची वीज उत्तरेकडे धावत होती. या दोन विभागांना जोडणाऱ्या वाटांपैकी काही कामासाठी बंद असल्याने बीना-ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या एका वाहिनीवर भार एकवटला. ३० जुलैच्या मध्यरात्रीनंतर २ वाजून ३३ मिनिटांनी ती वाहिनी बंद पडली आणि उत्तरेचे ग्रीड कोसळले. कसेबसे ते उभे केले, तोच ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास तीच वाहिनी पुन्हा बंद झाली. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रीड कोसळली आणि ६० कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. तार तुटली नव्हती, तिच्यावर वीजही कोसळली नव्हती. अतिभारालाच बिघाड समजून संरक्षक यंत्रणेने ती बंद केली, असे चौकशी समितीने नोंदवले.

राज्यांनी ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली म्हणून हे घडले, असे त्या वेळी सर्वत्र छापून आले. ते खोटे नव्हते, पण अपुरे होते. पश्चिम विभागात जुलै २००२पासून लागू झालेल्या आणि नंतर देशभर पसरलेल्या दरपद्धतीत जास्तीच्या विजेचा दर वारंवारितेशी बांधलेला होता. वारंवारिता खाली गेली की वीज महाग, वर गेली की स्वस्त. या एका युक्तीने भारतीय ग्रीडला शिस्त लावली, हे मान्यच केले पाहिजे. मात्र वारंवारिता देशाची बेरीज सांगते, वाट सांगत नाही. ३० जुलैच्या त्या रात्री कोसळण्यापूर्वी वारंवारिता ४९.६८ हर्ट्झ होती, म्हणजे त्या काळी मान्य असलेल्या पट्ट्यात. नाडी ठीक चालली होती आणि एकच रक्तवाहिनी फुगत होती.

बेरीज आणि वाट या दोहोंचा एकत्र विचार करणारे गणित त्यापूर्वी पन्नास वर्षे अस्तित्वात होते. फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीतील झाक कार्पांतिए यांनी १९६२ साली ते प्रथम मांडले. इंग्रजीत त्याला ‘ऑप्टिमल पॉवर फ्लो’ म्हणतात. मराठीत इष्टतम वीजप्रवाह म्हणता येईल. एका बाजूला एकूण खर्च किमान करायचा हे उद्दिष्ट, आणि दुसऱ्या बाजूला अटींची रांग : प्रत्येक ठिकाणी आलेली आणि गेलेली वीज जुळली पाहिजे, प्रत्येक केंद्र आपल्या मर्यादेत राहिले पाहिजे, कोणतीही वाहिनी अतिभारित होता कामा नये, प्रत्येक उपकेंद्रातील विद्युतदाब ठरलेल्या पट्ट्यात हवा. कार्पांतिए यांचे सूत्र अचूक होते. सोडवायला यंत्र मात्र नव्हते. १९६८ साली अमेरिकेतील बॉनव्हिल पॉवर अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये हेर्मान डोमेल आणि विल्यम टिनी यांनी ते संगणकावर सोडवण्याची व्यवहार्य रीत दाखवली.

तरीही ते अवघडच राहिले. प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाच्या समीकरणांत दोन ठिकाणच्या विद्युतदाबांचा गुणाकार येतो, त्यांच्यातील कोनाचे साइन येते. परिणामी खर्चाचा नकाशा गुळगुळीत वाटीसारखा नसतो, तो सह्याद्रीसारखा असतो. दाट धुक्यात घाट उतरणारा माणूस प्रत्येक पाऊल उताराकडेच टाकत एखाद्या खळग्यात पोहोचतो आणि तळ गाठला असे समजतो. खरी दरी डोंगरापलीकडे असते. संगणकाचेही असेच होते. म्हणून रोजच्या व्यवहारात बहुतेक ठिकाणी समीकरणे सोपी करून घेतात. विद्युतदाब सर्वत्र सारखा मानायचा, तारेतील घट जवळपास दुर्लक्षायची. मग सारी समीकरणे सरळ रेषेची होतात. आपला क-ख-ग त्रिकोणही याच सोप्या रूपातला होता.

सरळ रेषेच्या समीकरणांचा प्रश्न सोडवण्याची जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ची रीत प्रसिद्ध आहे. अटींमुळे तयार होणारी आकृती पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखी असते आणि ही रीत त्याच्या कडेकडेने, एका टोकावरून दुसऱ्या टोकावर जात उत्तर शोधते. आकृती प्रचंड असली की टोकेही अगणित. १९८४ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमधील एका तरुण भारतीयाने वेगळी वाट दाखवली : कडेने न जाता हिऱ्याच्या पोटातून जायचे. ते नरेंद्र करमरकर. जन्म ग्वाल्हेरचा, विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण पवईच्या आयआयटीत. त्यांच्या शोधाची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर छापली होती. पोटातून जाण्याची ही कल्पना इतर संशोधकांनी पुढे वक्र समीकरणांसाठीही विकसित केली आणि १९९०च्या दशकापासून इष्टतम वीजप्रवाहाचे मोठे प्रश्न याच जातीच्या पद्धतींनी सुटू लागले. २०१२ साली जी वाहिनी भाराखाली दबली तिचे एक टोक करमरकरांच्या जन्मगावी होते, हा निव्वळ योगायोग. पण नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

त्याच २०१२ साली जावेद लावेई आणि स्टीव्हन लो यांनी दाखवून दिले, की मूळ अवघड प्रश्नाला एक सोपे आवरण घातले तर अनेक प्रसंगी मिळणारे उत्तर खरोखरच सर्वांत खोल दरी असते आणि तशी खात्रीही देता येते. अनेक प्रसंगी, सर्व प्रसंगी नव्हे. म्हणून संशोधन थांबलेले नाही.

भारतात राष्ट्रीय पातळीवर या गणिताचा नियमित वापर तुलनेने उशिरा सुरू झाला. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार १ एप्रिल २०१९पासून राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राने आंतरराज्य औष्णिक केंद्रांसाठी तो प्रायोगिक तत्त्वावर हाती घेतला. तोपर्यंत प्रत्येक राज्य आपापल्या करारांतील केंद्रांपुरतीच मेरिट ऑर्डर लावत असे. त्यामुळे एका राज्यासाठी महाग संच चालू आणि दुसऱ्या राज्याच्या वाट्याचा स्वस्त संच अर्ध्या भाराने चालू, असे चित्र सर्रास दिसे. नव्या व्यवस्थेत राज्यांचे करार आणि त्यांना मिळणारी वीज तीच राहते. पडद्यामागे महाग संचाचे उत्पादन उतरवून स्वस्त संचाचे चढवले जाते, आणि तेही वाहिन्यांच्या मर्यादा पाळून. बचत पुन्हा वाटून घेतली जाते. सामान्य ग्राहकाला याची गंधवार्ताही नसते.

गणितात काळ आला की गुंता आणखी वाढतो. कोळशाचा संच बंद केला तर पुन्हा सुरू व्हायला कित्येक तास लागतात आणि चालू ठेवला तर तो एका किमान भाराखाली नेता येत नाही. सौर विजेमुळे हा प्रश्न तीव्र झाला आहे. दुपारी उन्हाची वीज उदंड, संध्याकाळी ती मावळते आणि मागणी नेमकी तेव्हाच चढते. दुपारी संच बंद करावा, तर संध्याकाळी तो हाताशी नसतो. राजस्थानात तर २०२५मध्ये वाहिन्या अपुऱ्या असल्याने तयार होऊ शकणारी सौर वीज रोखून धरण्याचे प्रसंग आले. तीच गोष्ट, तोच त्रिकोण. फक्त क येथील दर तीन रुपयांऐवजी जवळपास शून्य.

मुंबईच्या वाटेचे काय झाले? खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी दीर्घ रखडपट्टीनंतर २०२३मध्ये सुरू झाली आणि शहरात बाहेरून वीज आणण्याची क्षमता वाढली. मुंबईची मागणी चार हजार मेगावॉटच्या आसपास जाते. त्यासाठी खोपोली, भिवपुरी, भिरा येथील शंभरीला पोहोचलेली जलविद्युत केंद्रे, ट्रॉम्बे आणि डहाणू यांच्या जोडीला बाहेरची वीज लागते. नवी वाहिनी आली म्हणून ट्रॉम्बेचा संच लगेच निरुपयोगी ठरत नाही. एक वाहिनी अचानक गेली तर उरलेल्या पेलतील का, हा प्रश्न प्रत्येक पंधरा मिनिटांच्या भागासाठी नव्याने विचारावा लागतो आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असेल तेव्हा शहराच्या पोटातील महाग वीज विमा म्हणून घ्यावी लागते. विम्याचा हप्ता ग्राहकच भरतो. तो किती भरला आणि वाट वेळेवर बांधली असती तर किती वाचला असता, हा हिशेब छाया किमतींमधून काढता येतो. वीज नियामक आयोगासमोरील दरनिश्चितीच्या सुनावण्यांत ग्राहक प्रतिनिधींनी तो आकडा मागायला हरकत नाही.

राज्याच्या हाती या गणितातील एक हुकमी पान आहे, ते कोयनेचे. काही मिनिटांत सुरू होणारे, काही मिनिटांत थांबणारे १,९०० मेगावॉटहून अधिक क्षमतेचे हे केंद्र. पण कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवून वीजनिर्मितीसाठी वापरायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. पाणी फुकट येते, म्हणून मेरिट ऑर्डरप्रमाणे ते सर्वांत आधी वापरावे लागेल. तसे केले तर हिवाळ्यातच कोटा संपेल. म्हणून भार प्रेषण केंद्राला या फुकट पाण्यालाही मनाशी एक किंमत लावावी लागते. आज संध्याकाळी सोडलेले पाणी मे महिन्यातील एखाद्या संध्याकाळी नसेल, तेव्हा त्या जागी कोणता महाग संच पेटवावा लागेल, त्या संचाचा दर हीच आजच्या पाण्याची किंमत. पाऊस कसा होईल हे ठाऊक नसताना ती ठरवायची. ३१ मेपर्यंत कोटा पुरवायचा आणि १ जूनला वही पुन्हा कोरी.